ओझी न्यूसम: अलाबामाच्या मैदानावरून बाल्टिमोरच्या ड्राफ्ट रूमपर्यंत

मेरीलँडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इथे क्रिकेटवर शेकड्याने धागे आहेत आणि ते मी आवडीने वाचतो. पण गेली काही वर्षं एका माणसाबद्दल लिहायचं मनात घोळतंय आणि तो क्रिकेटचा नाही. ओझी न्यूसम. अमेरिकन फुटबॉल बघणाऱ्यांनाही तो बहुतेक 'रेव्हन्सचा जुना जनरल मॅनेजर', म्हणजे बाल्टिमोरच्या संघासाठी खेळाडू निवडणारा प्रमुख, एवढाच ठाऊक असतो. तो आधी कोण होता, आणि मैदान सोडून ऑफिसात बसल्यावर त्याने काय केलं, हे एका जागी मराठीत लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही. म्हणून हा खटाटोप.

जन्म १९५६ चा. अलाबामा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या लेटन नावाच्या छोट्या गावात वाढला. तो सात वर्षांचा असताना, जून १९६३ मध्ये, त्याच राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला अलाबामा विद्यापीठाच्या दारात उभे राहिले होते. विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला तो १९७१ मध्ये. आणि १९७४ मध्ये लेटनचा हा पोरगा त्याच विद्यापीठात, प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांच्या हाताखाली खेळायला आला. अकरा वर्षांत किती पाणी वाहून गेलं असेल, याचा अंदाज आपल्याला इथे बसून येणं कठीण आहे.

ब्रायंट यांचा संघ 'विशबोन' पद्धतीने खेळायचा. म्हणजे चेंडू हातात धरून पळायचं, पळायचं आणि पळायचं. लांब पास क्वचित. अशा संघात चेंडू झेलणारा रिसीव्हर असणं म्हणजे दिवसभर समोरच्या खेळाडूला अडवत राहायचं आणि आपल्याकडे चेंडू येईल त्या दोन-तीन वेळांची वाट बघायची. न्यूसमने चार वर्षांत १०२ झेल घेतले. आकडा लहान दिसतो, पण त्यात २,०७० यार्ड मिळवले, म्हणजे प्रत्येक झेलामागे २० यार्डांहून जास्त. पोरांनी नाव ठेवलं 'विझर्ड ऑफ ओझ'.

१९७८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंच्या निवडीत, क्लीव्हलंड ब्राउन्सने त्याला २३व्या क्रमांकावर घेतलं. प्रशिक्षक सॅम रुटिग्लियानो यांनी त्याची जागाच बदलली. कडेला उभा राहणारा रिसीव्हर आत आणून 'टाइट एंड' केला. टाइट एंडने रांगेत उभं राहून धिप्पाड बचावपटूंना रेटायचं आणि वेळ आली की सुटून पासही झेलायचा. तिथे तेरा हंगाम, ६६२ झेल, ७,९८० यार्ड, ४७ टचडाऊन. सलग १५० सामन्यांत किमान एक झेल. निवृत्त झाला तेव्हा एवढे झेल दुसऱ्या कुठल्याही टाइट एंडच्या नावावर नव्हते. १९९९ मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या यादीत मानाचं स्थान.

पण सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना? एकदाही नाही.

आणि ते ज्या पद्धतीने हुकलं, ते सांगायलाच हवं. ४ जानेवारी १९८१, क्लीव्हलंड, एरी तलावावरून येणारा वारा, हाडं गोठवणारी थंडी. ओकलंड रेडर्स १४, ब्राउन्स १२. पन्नासेक सेकंद शिल्लक, चेंडू रेडर्सच्या १३ यार्डांवर. फील्ड गोल मारून जिंकता आलं असतं, पण त्या दिवशी किक सारख्या फसत होत्या, म्हणून पास टाकायचं ठरलं. खेळीचं नाव 'रेड राइट ८८'. कुणी मोकळं नसेल तर चेंडू सरळ तलावात फेकून दे, असं प्रशिक्षकाने क्वार्टरबॅक (पास टाकणारा खेळाडू) ब्रायन साइपला बजावलं होतं. साइपने तो न्यूसमकडे टाकला. रेडर्सचा माइक डेव्हिस मध्ये आला आणि चेंडू त्याच्या हातात विसावला. मी ती चित्रफीत कितीदा तरी पाहिली आहे. न्यूसम मागून येतोय, हात पुढे झालेला आहे, आणि चेंडू त्याच्यापर्यंत पोचत नाही.

त्यानंतर १९८७ आणि १९८८ च्या जानेवारीत, दोन्ही वेळा डेन्व्हरकडून, सुपर बोलच्या अगदी दारात हार. १९९० च्या हंगामानंतर तो थांबला आणि ब्राउन्सच्याच ऑफिसात कामाला लागला. स्काऊटिंग शिकला. दिवसचे दिवस खेळाडूंच्या फिती बघायच्या, कॉलेजं फिरायची, अहवाल लिहायचे. हॉल ऑफ फेमच्या वाटेवरचा माणूस हे मुकाट्याने करत होता, हे मला फार मोठं वाटतं. संघाचे मुख्य प्रशिक्षक तेव्हा बिल बेलिचिक होते.

६ नोव्हेंबर १९९५ ला मालक आर्ट मॉडेल यांनी संघ बाल्टिमोरला हलवत असल्याचं जाहीर केलं. नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलंडने ठेवून घेतला, माणसं इकडे आली. नव्या संघाला 'रेव्हन्स' हे नाव मिळालं, आणि खेळाडू निवडायची जबाबदारी न्यूसमवर आली.

आता माझा खरा मुद्दा. एप्रिल १९९६, नव्या संघाचा पहिला ड्राफ्ट. चौथी निवड आपली. संघाला गरज होती ती चेंडू घेऊन पळणाऱ्याची, आणि मालकांना नेब्रास्काचा लॉरेन्स फिलिप्स हवा होता. पळण्यात तो अफाट, पण मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल त्याला अटक झालेली होती. न्यूसमच्या खोलीतल्या फळ्यावर, स्काऊटनी महिनोन्महिने राबून लावलेल्या क्रमवारीत, त्या क्षणी सर्वात वर नाव होतं जोनाथन ऑग्डेन. डावा टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकची पाठ राखणारा पहाड. संघात त्या जागेवर चांगला खेळाडू आधीच होता. तरी न्यूसमने ऑग्डेनचं नाव दिलं. पगार देणारा मालक शेजारी बसलेला असताना.

ऑग्डेन पहिलं वर्ष दुसऱ्याच जागेवर खेळला. पुढे ११ वेळा प्रो बोल (लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना), २०१३ मध्ये हॉल ऑफ फेम. त्याच दिवशी २६व्या क्रमांकावर न्यूसमने मायामीचा लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, घेतला. तो रे लुईस. संघाच्या आयुष्यातल्या पहिल्या दोन निवडी, दोन्ही हॉल ऑफ फेममध्ये.

२८ जानेवारी २००१ ला रेव्हन्सने न्यूयॉर्क जायंट्सला ३४-७ ने हरवून सुपर बोल जिंकला. त्या हंगामात बचावफळीने १६ सामन्यांत मिळून फक्त १६५ गुण दिले होते. २००२ मध्ये न्यूसमला 'जनरल मॅनेजर' हे पद मिळालं. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेच्या या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, इतिहासातला पहिला कृष्णवर्णीय जनरल मॅनेजर.

मालकाच्या मर्जीपेक्षा, संघाच्या आजच्या गरजेपेक्षा, लोकांच्या आरड्याओरड्यापेक्षा फळ्यावरच्या क्रमवारीवर विश्वास ठेवायचा, एवढंच त्याने बावीस वर्षं केलं. ऐकायला सोपं आहे. करून बघितलं की कळतं.

बाकी तुमच्या प्रतिक्रियांमधून बोलू.

---

आबा_गडहिंग्लज

लेख एका दमात वाचला. या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण तो हात पुढे झालेला माणूस डोळ्यासमोर आला. एक शंका. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलावच ना? मग पैसे जास्त असलेला संघ चांगले खेळाडू पळवत नाही का?

---

मेरीलँडकर

आबा, धन्यवाद. नाही, इथे बोली नसते. कॉलेजातून बाहेर पडणारी मुलं संघ पाळीपाळीने निवडतात, सात फेऱ्या. गेल्या हंगामात जो संघ तळाला, त्याची पाळी पहिली, विजेत्याची शेवटची. पाळीची अदलाबदल मात्र करता येते, आणि खरा व्यापार तिथे चालतो. शिवाय १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आहे, सॅलरी कॅप. त्यामुळे श्रीमंत मालक असून भागत नाही.

या कॅपचा फटका न्यूसमलाही बसला. २००१ चा सुपर बोल जिंकणाऱ्या त्या संघातले कितीतरी खेळाडू २००२ पर्यंत सोडून द्यावे लागले, कारण पगारांचा डोंगर झाला होता. जेमी शार्पर, जर्मेन लुईस हे तर नव्याने आलेल्या ह्यूस्टनच्या संघाने नेले. मोडलेला संसार पुन्हा उभा करायचा होता. त्याच वर्षी २४व्या क्रमांकावर त्याने एड रीड घेतला. तोही आज हॉल ऑफ फेममध्ये आहे.

---

अनिकेत_पुणे

मी एका कंपनीत भरतीचं काम करतो, त्यामुळे 'पगार देणारा मालक शेजारी बसलेला असताना' हे वाक्य थेट लागलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या चौघांच्या समितीने एका मुलीला पहिला क्रमांक दिला होता. शेवटच्या बैठकीत वरून एक नाव आलं आणि आम्ही चौघांनीही मान डोलावली. मी तर तिच्या मुलाखतीचे स्वतः लिहिलेले कागद समोर असूनही काही बोललो नाही. ती मुलगी आज दुसरीकडे उत्तम काम करते आहे. त्या खोलीत गप्प बसल्याचं अजून खुपतं.

विचारायचं हे होतं की न्यूसम भांडून मत पटवायचा का? आणि मॉडेल रागावले नाहीत?

---

मेरीलँडकर

अनिकेत, मनापासून लिहिलंत.

भांडकुदळ म्हणून त्याची ख्याती अजिबात नाही. त्याच्याबरोबर काम केलेले बहुतेक सगळे एकच सांगतात की तो आधी सगळ्यांचं ऐकायचा. खोलीतल्या सगळ्यात ज्युनिअर स्काऊटलाही बोलायला लावायचा आणि स्वतः शेवटी बोलायचा. कमी पगारावर, विशी-पंचविशीतली मुलं तिथे फिती कापण्यापासून सुरुवात करायची आणि पुढे स्काऊट व्हायची. १९९६ मध्ये अशाच सर्वात खालच्या पायरीवर लागलेला एरिक डीकोस्टा पुढे न्यूसमच्या जागेवर बसला. बाहेरच्या संघांनी त्याला बोलावलं तरी तो गेला नाही.

मॉडेल यांच्याबद्दलही न्याय केला पाहिजे. त्यांना फिलिप्स हवा होता, पण निर्णय न्यूसमवर सोपवलाय म्हटल्यावर त्यांनी तो मोडला नाही. फिलिप्स दोन पाळ्यांनी, सहाव्या क्रमांकावर, सेंट लुईसने घेतला आणि त्याची कारकीर्द काही वर्षांत आटोपली.

---

शिवाजीपार्क

सुंदर धागा. वाचताना सारखे दिलीप वेंगसरकर आठवत होते. खेळाडू म्हणून ११६ कसोटी, लॉर्ड्सवर तीन शतकं, हे सगळ्यांना पाठ. पण पुढे बीसीसीआयच्या टॅलेंट रिसोर्स डेव्हलपमेंट विंगचे ते प्रमुख होते. छोट्या गावांतून मुलं हेरायची ती योजना, धोनीचं नाव त्या जाळ्यातून वर आलं. नंतर निवड समितीचे अध्यक्ष झाले आणि २००८ मध्ये श्रीलंका दौऱ्यासाठी १९ वर्षांच्या विराट कोहलीला घेतलं. त्यांच्या शतकांवर आपण तासन् तास बोलतो, या कामावर पाच मिनिटंही नाही.

---

निशिगंधा

लेख आवडला, पण एक गोष्ट राहिली असं वाटतं. रे राइस प्रकरण. मी तेव्हा व्हर्जिनियात शिकत होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये रेव्हन्सच्या या खेळाडूने अटलांटिक सिटीतल्या कॅसिनोच्या लिफ्टमध्ये होणाऱ्या बायकोला मारलं. ती बेशुद्ध पडलेली आणि तो तिला ओढत बाहेर काढतोय, एवढी चित्रफीत तेव्हाच सगळ्यांनी पाहिली होती. तरीही संघ त्याच्या पाठीशी उभा राहिला. लीगने दोन सामन्यांची बंदी घातली. सप्टेंबरमध्ये लिफ्टच्या आतली चित्रफीत बाहेर आली, त्याच दिवशी त्याला काढलं. नंतर न्यूसम स्वतःच म्हणाला की राइस माझ्याशी खोटं बोलला नव्हता. म्हणजे काय घडलं ते संघाला माहीत होतं. १९९६ मध्ये फिलिप्सला न घेणारा तो हाच माणूस. तुम्ही त्याच्याबद्दल इतक्या आदराने लिहिलंय म्हणून विचारते, हे कसं बघता?

---

मेरीलँडकर

निशिगंधा, बरोबर पकडलंत. मूळ लेखात यायला हवं होतं.

मी त्याला डागच समजतो. राइसला त्यानेच २००८ मध्ये निवडला होता, डोळ्यासमोर मोठा झालेला मुलगा, शहरात लाडका. मायेपोटी माणूस आंधळा होतो हे मला समजतं, पण त्या सहा महिन्यांत त्या बाईच्या बाजूने संघातून कुणी ठामपणे बोललं नाही. राइस खरं बोलला, हे न्यूसमने निदान लपवलं नाही. पण खरं कळल्यावर जे करायला हवं होतं ते चित्रफीत येईपर्यंत झालं नाही. आणि फिलिप्सचंही प्रामाणिकपणे सांगतो. त्याला वगळलं ते मुख्यतः ऑग्डेन फळ्यावर वर होता म्हणून. केवळ नीतीचा निर्णय म्हणून त्याचं श्रेय न्यूसमला द्यायला माझी जीभ धजत नाही.

माझा आदर त्याच्या निवडीच्या कामाबद्दल आहे, तो तसाच आहे. हे प्रकरण त्याच्या शेजारी ठेवूनच बघायला हवं.

---

कौस्तुभ_न्यूजर्सी

जायंट्सचा चाहता असल्याने २००१ ची जखम ताजी केलीत. पण चुकांबद्दलही लिहा की. इतका मोठा रिसीव्हर, आणि रिसीव्हर निवडताना मात्र त्याचा हात सारखा चुकत गेला. २००० मध्ये दहावी निवड ट्रॅव्हिस टेलर, २०१५ मध्ये पहिल्या फेरीत ब्रेशाड पेरिमन. आणि २००३ चा क्वार्टरबॅक काइल बोलर! त्याच्यासाठी पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली पाळी न्यू इंग्लंडला दिली, त्यातून त्यांनी विन्स विल्फोर्क उचलला.

---

मेरीलँडकर

कौस्तुभ, सगळं मान्य. यादी तुम्ही केलीत म्हणून मी वाढवत नाही.

२००३ च्या त्याच ड्राफ्टमधली एक गंमतशीर घटना मात्र सांगतो. सातव्या पाळीसाठी मिनेसोटाशी सौदा ठरत आला होता, क्वार्टरबॅक बायरन लेफ्टविचसाठी. लीगला वेळेत कळवणं झालं नाही, घड्याळ संपलं, मागच्या संघांनी पटापट आपली नावं देऊन टाकली आणि लेफ्टविच जॅक्सनव्हिलला गेला. रेव्हन्स आपल्या दहाव्या पाळीवर थांबले, फळ्याकडे बघितलं आणि टेरेल सग्ज घेतला. तो सोळा हंगाम इथे खेळला. २०११ मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

सौदा झाला असता तर? लेफ्टविचची कारकीर्द दुखापतींनी खाल्ली. माझ्या मते त्या दिवशी नशीब न्यूसमच्या बाजूने होतं. पण घाईघाईत दुसरा क्वार्टरबॅक न शोधता दहाव्या पाळीवर फळ्यावरचंच नाव घेतलं, तेवढं त्याचं स्वतःचं. दुर्दैवाने पुढच्या काही तासांत बोलरसाठी तोच संयम सुटला.

---

सुमेधा_क्लीव्हलंड

मी क्लीव्हलंडजवळ राहते. इथे हा विषय जपून काढावा लागतो.

आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, आता ऐंशीच्या घरात. १९९५ च्या डिसेंबरात जुन्या स्टेडियममध्ये ब्राउन्सचा शेवटचा घरचा सामना झाला तेव्हा ते तिथे होते. लोकांनी बाकं उखडून मैदानात फेकली. आजोबांनी त्यातली एक फळी घरी आणली. ती अजून त्यांच्या गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी आहे, नारिंगी रंगाचे पोपडे उडालेली. कडेला खिळ्यांची भोकं दिसतात. दिवाळीला फराळ द्यायला गेले की ते मला दर वेळी त्या फळीची गोष्ट सांगतात. रेव्हन्सचा सामना टीव्हीवर लागला तर उठून जातात. संघ जाणं म्हणजे काय, ते मला त्यांच्याकडे बघून कळलं. तीन वर्षं या शहरात एनएफएलचा संघच नव्हता.

मेरीलँडकर, तुमच्या लेखात 'माणसं इकडे आली' असं सहज येऊन गेलंय. इथे ते सहज नव्हतं. तेरा वर्षं इथे खेळलेला माणूस तिकडे गेला आणि पाच वर्षांत सुपर बोल घेऊन बसला.

---

मेरीलँडकर

सुमेधाताई, माफ करा, ते वाक्य खरंच घाईचं झालं. बाल्टिमोरलाही हे दुःख ठाऊक आहे. १९८४ च्या मार्चमध्ये इथला कोल्ट्स संघ एका रात्रीत ट्रक भरून इंडियानापोलिसला गेला होता. ज्यांचं गेलं त्यांनीच दुसऱ्याचं आणलं, हे इथले जुने लोक आजही अवघडून बोलतात.

मॉडेल सप्टेंबर २०१२ मध्ये गेले. त्याच हंगामात, ३ फेब्रुवारी २०१३ ला, न्यू ऑर्लिन्समध्ये रेव्हन्सने सॅन फ्रान्सिस्कोला ३४-३१ ने हरवून दुसरा सुपर बोल जिंकला. न्यूसमने पहिल्या दिवशी घेतलेला रे लुईस त्या रात्री शेवटचा सामना खेळला.

---

आबा_गडहिंग्लज

आणि न्यूसम निवृत्त कधी झाला? शेवटची निवड कोणती?

---

मेरीलँडकर

आबा, त्याची शेवटची पहिली फेरी मी जागून बघितली आहे. २६ एप्रिल २०१८. हा आपला शेवटचा ड्राफ्ट, असं आधीच ठरलेलं होतं. शेजारचा मित्र आणि मी त्याच्या तळघरात टीव्हीसमोर बसलो होतो. रेव्हन्सची १६वी पाळी होती, न्यूसम दोनदा मागे सरकला आणि २५व्या क्रमांकावर हेडन हर्स्ट हा टाइट एंड घेतला. मित्र वैतागून झोपायला निघाला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असताना टीव्हीवर आलं की फिलाडेल्फियाकडून ३२वी, म्हणजे फेरीतली अगदी शेवटची पाळी रेव्हन्सने मिळवली आहे. तो तिथेच कठडा धरून उभा राहिला. नाव आलं लमार जॅक्सन.

लुईव्हिलचा क्वार्टरबॅक, कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च हाइझमन पुरस्कार मिळालेला, विलक्षण वेगाने पळणारा. काही मोठमोठे जाणकार म्हणत होते की याने क्वार्टरबॅकीचा नाद सोडून रिसीव्हर व्हावं. न्यूसमची स्वतःची जागा एकदा बदलली गेली होती, आणि ती बदलल्यामुळेच तो मोठा झाला. तरी त्याने या मुलाला क्वार्टरबॅक म्हणूनच घेतलं. मला त्याच्या सगळ्या निवडींत ही सर्वात आवडते. जॅक्सन २०१९ मध्ये एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०२३ मध्ये पुन्हा. त्याच ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत मार्क अँड्र्यूज आला, तोही टाइट एंड, आणि जॅक्सनचे पास झेलत तो संघाच्या इतिहासात वर गेला.

हंगाम संपल्यावर न्यूसमने खुर्ची डीकोस्टाकडे दिली. नंतरही तो सल्लागारासारखा संघातच राहिला.

---

निशिगंधा

माझ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं नाहीत, त्याबद्दल आभार. जॅक्सनचा किस्सा मस्त.

---

सुमेधा_क्लीव्हलंड

काल संध्याकाळी आजोबांकडे गेले होते. हा धागा डोक्यात होता म्हणून धीर करून विचारलं, न्यूसमचा राग येतो का? बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, मॉडेलचा येतो. रेड राइट ८८ च्या दिवशी ते वरच्या बाकांवर होते, पायांची बोटं बधिर झालेली. न्यूसमचे ६६२ झेल ब्राउन्सच्याच वहीत आहेत, ते कुणी बाल्टिमोरला नेऊ शकत नाही, असं दोनदा सांगितलं.

निघताना गॅरेजमधला दिवा लावला. फळीच्या वर, खिळ्याला ८२ नंबरची जर्सी टांगलेली होती. इतकी वर्षं जातेय, माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.